पाटलांच्या नावेवरचा बंब

वहाब मिस्त्री बोटीवर काम करून आले आहेत, यावर रिसोडात कुणाचा विश्वास बसत नसे. बसणार तरी कसा? आमच्याकडच्या लोकांनी पाणी पाहिलं ते विहिरीतलं, नाही तर पावसाळ्यातल्या पैनगंगेचं. बोट म्हणजे चित्रातली. आणि हा तांब्याच्या घागरी-बंब घडवणारा, बुटका, दाढीला मेंदी लावणारा माणूस सांगायचा की पहिल्या जर्मन लढाईच्या वेळी तो इराकात बसऱ्याला होता, तिथल्या नदीत धुराच्या बोटी चालायच्या आणि जखमी शिपायांना धुवायला लागणाऱ्या गरम पाण्याचे नळ त्यानं त्या बोटींत बसवले होते. लोक ऐकून घेत आणि तो उठून गेला की हसत. त्याला 'बसरावाले' म्हणत. तोही ओ देई. चेष्टेनं त्याचं काही बिघडत नसे. हातातलं काम बिघडलं तर मात्र दोन दिवस जेवत नसे, असं त्याची बायको सरवरी सांगायची.

मी त्यांना वहाबचाचा म्हणते. आज माझी माय अंगणात तुळशीला स्वतःच्या हातानं पाणी घालते, ते या माणसामुळे. हे मी पूर्वी चारचौघांत सांगितलं आहे, आता लिहून ठेवते.

माझे वडील नानाजी पाटील. आमचं गाव रिसोडपासून तीन कोसांवर, काळ्या जमिनीचं. वडिलांच्या मनात माया फार, पण ती तोंडावाटे बाहेर पडू नये याची त्यांनी जन्मभर काळजी घेतली. मायचं नाव गोजराबाई. पंचेचाळिशीतच तिला संधिवातानं धरलं. आधी बोटं, मग गुडघे, मग कंबर. मी सासरहून तिच्या शुश्रूषेला आले तेव्हा तीन वर्षांत ती बाजेवरून उतरली नव्हती. दोघीतिघींनी उचलल्याशिवाय तिला कूस बदलता येत नव्हती. पायांना तर थंड-गरमसुद्धा कळेनासं झालं होतं. पण जीभ शाबूत होती, आणि तिचा उपयोग ती मुख्यतः वडिलांवर करी.

वाशिमच्या वैद्यांनी सांगितलं, निर्गुडीचा पाला घातलेल्या गरम पाण्यात मानेइतकं बसवा, रोज सकाळी घटकाभर, चाळीस दिवस. मध्ये एकही दिवस चुकवू नका. सांधे सुटतील तर यानं सुटतील, नाही तर यापुढं माझ्याकडं दुसरं काही नाही.

माघ सरत आलेला. आमच्या विहिरीत बादली बुडेल एवढंही पाणी नव्हतं. तळं गावाबाहेर अर्ध्या कोसावर. रोज हौदभर पाणी गाडीनं आणायचं, तापवायचं, आणि तेही चाळीस दिवस, हे कुणाच्याच्यानं होणारं नव्हतं. तळ्याच्या काठी झोपडी बांधावी, तर आमचं तळं माघापासून रोज हातभर मागं सरकतं आणि मागं ठेवून जातं तो गुडघाभर काळा चिखल, ज्यात बैल रुततो. आज काठावर बांधलेली झोपडी महिन्याभरात पाण्यापासून वीस पावलं लांब राहिली असती.

वडिलांच्या बैठकीत एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर काश्मीरच्या कुठल्याशा तळ्यातली घरासारखी नाव होती. वडील चार दिवस त्या चित्राकडं बघत बसले आणि पाचव्या दिवशी म्हणाले की नाव करायची. पाणी मागं गेलं की नावही मागं जाईल. सगळ्या गावानं तोंडात बोट घातलं. माय बाजेवरून म्हणाली, "म्हातारपनी यायले नावेत बसाची हौस आली, अन् नाव मात्र माह्या दुखन्याचं." वडिलांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

सुतारांनी सागाचे दोन लांब डोंगे कोरले, शेजारी शेजारी बांधले आणि वर फळ्या ठोकून चौक केला. त्यावर बांबूच्या तट्ट्यांची खोली, वर पत्रा. आमचा गडी सोमला हा तांड्यावरचा माणूस, त्यानं उभ्या आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता, पण वडिलांनी त्याच्या हातात बांबू दिला आणि तो नावाडी झाला. राहिला प्रश्न गरम पाण्याचा. तेव्हा कुणाला तरी बसरावाल्याची आठवण झाली. ज्यांनी पंधरा वर्षं त्यांची टिंगल केली होती त्यांनाच, हे विशेष.

वहाबचाचा आले, काठावर उकिडवे बसले आणि दुपारपर्यंत नुसते नावेकडं बघत राहिले. मग त्यांनी सोमल्याला नावेवर उड्या मारायला लावल्या. नाव कशी डोलते ते पाहिलं. वडिलांची कल्पना अशी होती की घरातला बंब उचलायचा आणि नावेवर ठेवायचा, त्यात एवढं काय? वहाबचाचा म्हणाले, घरच्या बंबाचं झाकण उघडं असतं म्हणून तो कुणाला मारत नाही. पण घर हलत नाही, पाटील. नाव हलली की उकळतं पाणी बाहेर येईल, आणि ज्या माणसाला उठून पळता येत नाही त्याच्या अंगावर येईल.

म्हणून त्यांनी वेगळा बंब घडवला. झाकण रिवेट मारून आणि कथलाचा डाक लावून कायमचं बंद केलं. पण बंद भांड्याला श्वास तर हवा. तो श्वास म्हणजे झाकणातून निघून छपराच्या वर हातभर गेलेली एक नळी. तिच्या तोंडाला त्यांनी तांब्याचं नरसाळं बसवलं, म्हणजे डोलताना पाणी वर उसळलं तर बाहेर न सांडता त्यातच पडून परत खाली जाईल. छपरावर गार पाण्याचं पिंप, त्यातून एक नळ बंबाच्या तळाला, दुसरा आंघोळीच्या हौदाला. बंबाच्या माथ्याजवळून गरम पाण्याचा नळ हौदावर. प्रत्येक नळाला तोटी. बंब बरोबर मधोमध, विटांच्या आणि वाळूच्या थरावर, आणि त्याची भट्टी खोलीच्या बाहेर, मागच्या फळीवर उघडणारी. हौद बाजूला, आतून पत्र्यानं मढवलेला, आणि त्याच्या वजनाला तोल म्हणून दुसऱ्या बाजूला दगड. जोडाजोडाला सणाचं सूत गुंडाळून सफेद्याचा लगदा भरला होता.

एवढं झाल्यावरही ते थांबले नाहीत. बंबाच्या खांद्यातून त्यांनी आणखी एक आखूड नळी काढली, ती तट्ट्यातून बाहेर तळ्याच्या दिशेनं. तिच्या तोंडावर एक झाकणी, झाकणीवर दांडी आणि दांडीच्या टोकाला लोखंडी वजन. वर श्वासाची नळी असताना ही दुसरी कशाला, असं वडिलांनी विचारलं. वहाबचाचा म्हणाले, "वरची नळी बंबासाठी हाये, पाटील. हे मानसायसाठी." वडिलांना काही कळलं नाही. त्यांनी तांबं फुकट गेलं म्हणून नाक मुरडलं.

सगळं जुळवून झाल्यावर वहाबचाचांनी वडिलांना बाजूला नेऊन बराच वेळ समजावून सांगितलं. ते काय बोलले ते आम्हा बायकांना कळलं नाही. परक्या पुरुषानं पाटलाच्या घरातल्या बायकांशी बोलायचं नाही आणि बायकांनी त्याच्यासमोर यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. बंब पेटवणार मी, मायला न्हाऊ घालणार मी, पण बंबाची माहिती मिळाली ती वडिलांना, ज्यांनी जन्मात कधी चूल फुंकली नव्हती. रात्री जेवताना मी विचारलं, मिस्त्री काय म्हणाले? वडील म्हणाले, "काही नाही. जपून जाळा म्हने."

आता माझी चूक सांगते. ती माझीच होती.

आमच्या घरी तांब्याचं नवं भांडं पहिल्यांदा आगीवर चढवण्याआधी त्याचा कलश मांडतात. हळदीकुंकू लावायचं, तोंडात विड्याची पानं ठेवायची, वर नारळ. माझ्या आजीनं केलं, मायनं केलं, आणि मायला हात हलवता येत नव्हते म्हणून मी करणार होते. एवढं मोठं भांडं, एवढी मोठी आशा, आणि पूजा नाही असं कसं चालेल? पहिल्या दिवशी पहाट फुटताच मी नावेवर गेले. हळदीकुंकू झालं. मग अडचण आली की कलशाला तोंड हवं, आणि या बंबाचं झाकण तर बंद. शोधता शोधता माझी नजर वर गेली. छपरावर ते नरसाळं सकाळच्या उन्हात असं चमकत होतं की जणू नारळासाठीच घडवलं होतं. मी पिंप भरायच्या शिडीनं वर चढले, पाच पानं लावली आणि नारळ ठेवला. तो अगदी चपखल बसला. पण नाव डोलते, नारळ पडला तर अपशकुन, म्हणून मी भोवती कणकेचं लिंपण केलं आणि वरून नाडा घट्ट आवळून नळीला बांधला. मोठ्या भक्तिभावानं हात जोडून म्हणाले, माझ्या मायला उभी कर.

मायला चौघींनी बाजेसकट आणून नावेवर ठेवली. मला आठवतं, नाव काठापासून सुटली तेव्हा तिनं तोंड फिरवून घेतलं. तीन वर्षांत तिनं आकाश पाहिलं नव्हतं. तिला रडताना कुणी पाहू नये एवढाच तिचा हेतू होता. मग सोमला पुढं पाठ करून उभा राहिला. वहाबचाचांनी पहिल्या आगीला नावेवर राहतो म्हटलं होतं, पण बाईमाणूस न्हाणार म्हणून वडिलांनी त्यांना काठावरच्या बाभळीखाली, नावेकडं पाठ करून बसवलं. ज्या एका माणसानं छपराकडं बघितलं असतं तोच पाठमोरा होता.

पहिला हौद छान भरला, बायकांनी मायला त्यात उतरवलं आणि त्या उथळ पाण्यातून काठावर गेल्या. माय मानेपर्यंत पाण्यात बसली आणि तिच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मी कधी विसरणार नाही. बसल्या बसल्या पाणी निवेल म्हणून मी बंब पुन्हा पिंपातून भरला, तोट्या बंद केल्या, आणि भट्टीत घरच्यासारख्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या कोंबल्या. पऱ्हाटी भडकून जळते. मी आत येऊन मायचे गुडघे चोळायला लागले. ती माहेरच्या गोष्टी सांगत होती.

थोड्या वेळानं बंब गुरगुरायला लागला. नवीन आहे, असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मग गरम पाण्याच्या नळाचा जोड थरथरला, त्यातून फुस्स करून थोडी वाफ निघाली. आणि तेवढ्यात बाहेर असा काही आवाज झाला की शंभर शिट्ट्या एकदम वाजाव्यात. दुसऱ्या नळीची झाकणी उचलली गेली होती आणि पांढऱ्या वाफेचा झोत तळ्यावर लांबपर्यंत गेला होता. तळ्यावरचे पक्षी उठले. सोमल्यानं बांबू टाकून पाण्यात उडी मारली, आणि ज्याला पोहता येत नाही त्यानं उडी मारली तरी आमच्या तळ्यात तो कमरेएवढ्या पाण्यातच उभा राहतो, हे नशीब.

मायला उचलून बाहेर काढणं मला एकटीला शक्य नव्हतं. बंब शिट्ट्या मारतच होता. मला वाटलं, आतला जोर कमी करायला हवा, आणि मी गरम पाण्याच्या तोटीला हात घातला. ती तोटी मायच्या छातीवर रोखलेली होती.

"बेटी, गरम तोटी खोलू नको," तट्ट्याच्या बाहेरून आवाज आला. "हात काढ तिच्यावरचा. माईपाशी जाऊन बस. मी आग काढून राह्यलो."

पाठ करून बसलेल्या माणसानं आवाजावरून ओळखलं होतं की काय झालं असेल आणि आत घाबरलेली बाई आता काय करील. ते चिखलातून, पाण्यातून धावत आले होते. वाफेच्या झोताखालून वाकून ते भट्टीपाशी पोचले आणि जळत्या पऱ्हाट्या हातानंच ओढून तळ्यात फेकू लागले. चर्र चर्र आवाज ऐकू येत होता. मी मायच्या पाठीशी बसून तिला मिठी मारली. ती म्हणाली, "मले राहू दे, लेकरा, तू जाय बाहीर." मी गेले नाही. शिट्टी हळूहळू बारीक झाली, झाकणी दोनदा खडखडली आणि आपोआप जागेवर बसली. मायच्या अंगावर एक थेंब उडाला नव्हता.

बंब निवल्यावर वहाबचाचा छपरावर चढले. मला ठाऊक होतं ते तिथं काय पाहणार आहेत, कारण शिट्टी वाजत असताना केव्हा तरी माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला होता. नळी जिथून वर जाते तिथल्या पत्र्याच्या फटीतून मी पाहिलं. त्यांनी नाडा सोडला, नारळ काढला, नरसाळ्याच्या कडेची वाळलेली कणीक नखानं खरवडली, पानंसुद्धा एकेक करून वेचली आणि सगळं खांद्यावरच्या फडक्यात गुंडाळून काखेत धरलं. तोपर्यंत वडील मांडीपर्यंत चिखलात बुडून येऊन पोचले होते. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नाही, आधीही आणि नंतरही.

वडिलांनी विचारलं, काय झालं? वहाबचाचा म्हणाले, "चूक झाली, पाटील. माही चूक हाये."

मग वडिलांच्या तोंडाला जे येईल ते ते बोलले. माझ्या बायकोला जिवंत उकडायला निघाला होतास, बसऱ्याच्या थापा मारून आमचं घर बुडवायला आलास, उचल तुझं भंगार, संध्याकाळच्या आत नाव मोकळी कर. वहाबचाचा ओल्या कपड्यांनी उभे होते. दोन्ही तळहात त्यांनी पाठीमागं लपवले होते, कारण ते भाजले होते. ते एकदाही म्हणाले नाहीत की पाटील, ही तुमच्या पोरीची करणी आहे.

खरं सांगते, मी घटकाभर गप्प बसले. वडिलांचा धाक एवढा होता. मी गप्प राहिले असते तर बंब उतरला असता, मायचं औषध पहिल्याच दिवशी संपलं असतं, आणि रिसोडपासून वाशिमपर्यंत वहाब मिस्त्रीला कुणी घागरीचा डाकसुद्धा लावायला दिला नसता. मायनं माझ्याकडं पाहिलं. तिला काय कळलं होतं कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "बोल वं."

मी तट्टा बाजूला सारून बाहेर आले. परक्या पुरुषासमोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, तशीच. "बाबा, नळीच्या तोंडावर नारळ म्या बसवला होता," मी म्हणाले. "कनीक लावून, नाडा बांधून. चाचाच्या काखेत हाये तो."

वडिलांनी फडक्याकडं पाहिलं. वहाबचाचा खाली बघत होते. मला वाटलं आता वडील माझ्यावर हात उचलतील. ते नावेच्या काठावर मटकन बसले.

"यानं मले सांगतलं होतं," ते म्हणाले. "छपरावरच्या तोंडावर चिंधीसुदिक ठेवू नका म्हने. घरात सांगून ठेवा म्हने. म्या म्हटलं, तिथं चढते कोन."

माझ्या वडिलांनी चूक कबूल केलेली मी ऐकली ती एवढी एकदाच. आतून मायचा आवाज आला, "आता कोनाची किती चूक हे वाटून झालं असन तर पानी निवून राह्यलं माहं." वहाबचाचांना हसू आवरेना. त्यांनी तोंड फिरवलं, आणि मग वडीलही हसले.

मायला न्हाऊ घालून घरी नेलं. वहाबचाचांच्या हातांना कोरफड लावली ती मी. त्या दिवशी रीत वगैरे कुणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असेल तरी कुणी बोललं नाही. तेव्हा त्यांनी वडिलांना बसऱ्याची एक गोष्ट सांगितली. रिसोडात त्यांनी ती कधीच कुणाला सांगितली नव्हती.

तिथल्या एका जखमींच्या बोटीवर त्यांनी असाच बंब बसवला होता. श्वासाची नळी बोटीच्या पोटात एका कोपऱ्यात उघडत होती. काय काय जपायचं ते त्यांनी वरच्या अंमलदाराला नीट समजावलं. पण त्या कोपऱ्यात भट्टीत आग घालणारा किसनसिंग नावाचा माणूस झोपायचा, त्याला कुणी काही सांगितलं नाही. वाफेचं पाणी रोज त्याच्या अंगावर टपकायचं. थंडीचे दिवस. एका सकाळी त्यानं नळीच्या तोंडात आपला जुना सदरा कोंबला आणि कामाला लागला. बंब फुटला तेव्हा तो समोरच होता. चौकशीत लिहिलं गेलं की मेलेल्याचा निष्काळजीपणा. वहाबचाचा तिथं उभे होते आणि ते काही बोलले नाहीत.

"त्याची काय चूक, पाटील?" ते म्हणाले. "जो आग घालते त्याले सांगाले पायजे होतं. म्या साहेबाले सांगतलं अन् मोकळा झालो. तवापासून दुसरी नळी लावतो. तरी आज पुन्हा तेच केलं, तुमाले सांगतलं अन् मोकळा झालो. म्हनून म्हटलं, माही चूक हाये."

वडील म्हणाले, उद्या पोरीला सगळं समजावून सांग. मी मध्ये नसेन.

दुसऱ्या दिवशी वहाबचाचांनी मला शिकवलं. माझ्याकडं न बघता. सगळा वेळ ते बंबाशी बोलत होते, मी बाजूला उभी. "हे पाहा, बंबा," असं म्हणून ते सांगायचे, "हौदात आंदी गार पानी, मंग गरम. माईच्या पायाले चटका समजत नाही, तं आपला हात कोपरापर्यंत घालून पाहाचा." भट्टीत पऱ्हाटी नको, गोवरी घाल, ती सावकाश जळते. नरसाळ्यातून वाफ दिसते का ते दर वेळी बाहेर येऊन पाहा. नसेल दिसत तर आधी आग ओढ, मग विचार कर. वजनाची दांडी रोज सकाळी एकदा उचलून बघ, गंजून बसली तर ती असून नसून सारखी. शेवटी त्यांनी सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं, दोनदा. मग बाजेवर पडलेल्या मायकडूनही म्हणवून घेतलं. मायनं विचारलं, मला उठता येत नाही, मी पाठ करून काय करू? ते बंबाला म्हणाले, बाई पाण्यात बसलेली असते, सगळ्यात आधी गुरगुर तिलाच ऐकू येते.

मी आईबापांच्या घरी वाढले, शाळेत चार यत्ता शिकले, पण 'हे तुला कळायला हवं, कारण जीव तुझ्या हातात आहे' असं म्हणून मला कुणी कधी काही शिकवलं नव्हतं. ते पहिल्यांदा या माणसानं केलं. त्याचे उपकार मी मायच्या गुडघ्यांइतकेच मानते.

चाळीस दिवस झाले. तळं मागं सरकत गेलं आणि आमची नाव त्याच्या मागं. अठराव्या दिवशी मायची बोटं मिटली. तिसाव्या दिवशी तिनं हौदात बसल्या बसल्या पाय लांब केला आणि ओरडली, कारण तिला पाणी गरम लागलं. मी घाबरून पाणी पाहिलं तर ते रोजच्यासारखंच होतं. मग आम्ही दोघी किती वेळ रडलो ते सोमल्याला विचारावं. पुढच्या चैत्रात ती काठी धरून उठली आणि उठल्यावर पहिल्यांदा वडिलांच्या बैठकीत जाऊन त्यांच्या तंबाखूच्या पसाऱ्यावरून त्यांना बोलली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ते म्हणाले, तंबाखू लागला.

नाव पुढं तीन उन्हाळे चालली. गावातल्या बाळंतिणी, वातानं आखडलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या तिथं येऊन बसल्या. जातपात विचारायला नावेवर जागाच नव्हती. प्रत्येकीकडून आधी बंबाची सगळी माहिती मी म्हणवून घेई, आणि मगच पाण्यात उतरू देई. बायका वैतागत. वहाबचाचा अधूनमधून येऊन झाकणी तपासून जात. त्यांना आता रिसोडात बसरावाले म्हणत ते आदरानं. तो फरक त्यांच्या लक्षात आला नव्हता की आला तरी त्यांनी दाखवला नाही, मला माहीत नाही.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात वहाबचाचा वारले. दिवस चांगले नव्हते, गावोगाव कुजबुज चाले, कोण कुणाच्या दारात जातो याच्यावर लोकांची नजर असे. बातमी आली तेव्हा माय तुळशीपाशी होती. ती आत आली, लुगडं बदललं आणि गाडी जुंपायला सांगितली. कुणी तरी वडिलांना म्हणालं, पाटील, आत्ता त्या मोहल्ल्यात जाणं बरं नव्हे. वडील स्वतः गाडीवर हाकायला बसले.

रिसोडातली त्यांची गल्ली अरुंद. गाडी तोंडाशीच थांबली. मी मायला हात द्यायला पुढं झाले तर तिनं माझा हात बाजूला केला. काठी तिनं गाडीतच ठेवली. दोन्हीकडच्या दारांत लोक उभे होते. ती सावकाश, एकटी, मध्ये एकदाही न थांबता त्यांच्या दारापर्यंत चालत गेली. सरवरीचाची उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या मायला ओळखत नव्हत्या, त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी वर बघून विचारलं, कोण?

माय त्यांच्यासमोर खाली बसली, कुणाच्याही आधाराशिवाय, आणि आपले पाय पुढं करून म्हणाली, "हे पाय पाहा, बाई. हे तुमच्या घरचे हायेत."